माझ्या कडेला चिकटलेला थेंब

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. पण माझ्यात आजवर एकही दाणा शिजलेला नाही. कागदोपत्री माझं नाव रिअॅक्टर. जाड पोलादी भांडं, आठ बोल्टांनी आवळलेलं झाकण, झाकणाखाली रबराची काळी रिंग आणि आत ढवळणारा छोटा पंखा. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर कुकर!" आणि तेच नाव पडलं.

मला घडवलं लेथवाल्या मामांनी. भरीव ठोकळ्यातून तीन दिवस कोरून काढलं. मग पोटात पाणी भरून, दुप्पट दाब देऊन तपासलं. एक थेंबही गळला नाही, तेव्हा पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "जा बाबा, नाव काढ."

बावीस वर्षं मी प्लास्टिक बनवतो आहे. माझ्यात इथिलीन नावाचा वायू दाबाने सोडतात. त्याचे रेणू छोटे आणि सुटे. मग धातूपासून बनवलेला उत्प्रेरक घालतात. त्यातला धातूचा एकेक अणू माळ ओवत बसल्यासारखा रेणूमागून रेणू जोडत जातो. हजारोंची साखळी झाली की झालं पॉलिथिन. पण हे प्लास्टिक भारी अलिप्त! रंग, गोंद, धातू, कशाशीच त्याचं सूत जुळत नाही. माझ्या भिंतीवरूनही ते साल सुटावी तसं निघून यायचं. बावीस वर्षं पोटात वाढवलं, पण जाताना मागे वळून पाहील तर शपथ.

मग संशोधन करायला चिमटी आली. अंगाने लहानखुरी आणि खिशात कायम चिमटा, म्हणून हे नाव. तिचे वडील नळदुरुस्ती करतात. लोखंडी पाइपाच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर सुटतं आणि त्यामागे गंज चढतो, हे गाऱ्हाणं ऐकतच ती मोठी झाली. तिला धातूला धरून राहणारं प्लास्टिक हवं होतं. त्यासाठी साखळीत मध्ये मध्ये ऑक्सिजन असलेला एक वेगळा रेणू ओवायचा. अडचण अशी, की धातूचा अणू त्या ऑक्सिजनलाच मिठी मारून बसतो आणि ओवणं थांबतं. म्हणून तिने दीड वर्ष खपून निकेलचा नवा उत्प्रेरक बनवला. निकेलभोवती अवजड रेणूंचं कुंपण होतं. मोजून घातलेला ऑक्सिजनवाला पाहुणा आत यावा, पण त्याने ठाण मांडू नये, यासाठी.

पहिल्या प्रयोगाच्या सकाळी मामांनी मला नवी रिंग बसवली. दुपारी झाकण उघडलं, आणि काय सांगू! प्लास्टिक माझ्या भिंतीला घट्ट चिकटलं होतं. चिमटीने त्यातलं थोडं दोन पोलादी पट्ट्यांमध्ये वितळवून दाबलं. थंड झाल्यावर मामांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. पट्ट्या सुटेनात.

चिमटीच्या मार्गदर्शक मॅडम मात्र म्हणाल्या, "एकदा झालं तो योगायोग. तीनदा करून दाखव, मग बोलू."

आता मला स्वच्छ करायला हवं होतं. आधीची मुलं एक हात फिरवून पळायची. चिमटी तसली नव्हती. तिने थर खरवडला आणि झाकण लावून दोन दिवस मला मळ विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलं. मग वाळवून पुन्हा प्रयोग केला. हाती शून्य. कुठे घाण राहिली असेल, म्हणून आणखी घासलं. पुन्हा शून्य. असं नऊ वेळा.

"कुकरला शिट्टीच नाही, मग शिजलं की नाही कळणार कसं?" बाकीची मुलं हसायची. चिमटी हसायची नाही. ती मला पुन्हा आंघोळ घालायची.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "हे बघ, भांडं आता थकलंय. हा शेवटचा आठवडा. नाही जमलं तर विषय बदल, आणि हे जाऊ दे भंगारात."

"दोन वर्षं झाली, मॅडम."

"म्हणून तर सांगतेय. तिसरं घालवू नकोस."

गुरुवारी भंगाराची चिठ्ठी घेऊन मला न्यायला मामाच आले. बोल्ट सोडता सोडता थबकले.

"पोरी, ही रिंग मी बसवली तेव्हा खाचेत टिच्चून बसली होती. आता बघ, बाहेर डोकावतेय."

चिमटीने चिमट्याने रिंग उचलली, हुंगली आणि पळत तराजूपाशी गेली. मामांच्या पेटीतली कोरी रिंग शेजारी मोजली. जुनी चांगलीच जड भरली.

"मामा, ही अ‍ॅसिटोन प्यायलीय!"

"पाजलं कुणी?"

चिमटीचा चेहरा उतरला. "मीच. दर वेळी."

मित्रांनो, पोलाद लगेच वाळतं, रबर नाही. मी तापलो की रिंगेत मुरलेलं अ‍ॅसिटोन हळूहळू बाहेर यायचं. त्याच्याही अंगात ऑक्सिजन! मोजून बोलावलेल्या पाहुण्याला निकेलने सांभाळून घेतलं असतं, पण बिनबोलावलेल्यांच्या त्या गर्दीत त्याचे हातच बांधले जायचे. बिचारीची मायाच आड येत होती, आणि मला तोंड असून सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी नवी रिंग बसली. वायू सोडला, व्हॉल्व्ह बंद केला. दाबाचा काटा खाली येऊ लागला. वायू खर्ची पडत होता, साखळ्या वाढत होत्या. झाकण उघडलं आणि मामा ओरडले, "चिकटलंय गं!" गडबडीत थोडं गरम प्लास्टिक माझ्या बाहेरच्या कडेवर सांडलं.

मॅडमनी पट्ट्या स्वतः ओढून पाहिल्या. "हं. हे दुसरं. तिसरं सोमवारी," म्हणाल्या, पण भंगाराची चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. सोमवारी तिसरंही जमलं.

आता माझ्याजवळ चिमटीच्या अक्षरातला कागद आहे: 'आधी रिंग काढा, मग आंघोळ घाला.' मित्रांनो, एखादी वस्तू काम देईनाशी झाली, तर तिला लगेच भंगाराची वाट दाखवू नका. आणि नुसती घासतही बसू नका. तिचे भाग सुटे करून पाहा. कशाला काय सोसतं, ते आधी विचारा.

कडेवर सांडलेला तो थेंब चिमटी खरवडणार होती. मामा म्हणाले, "राहू दे, तो रिंगेच्या बाहेर आहे. कामात येत नाही."

तो अजून तिथेच आहे. बावीस वर्षांत माझ्याकडे राहिलेला पहिलाच.