डेल्फिनच्या कपाळातून निघालेला गोळा

माझा थोरला, लिओन्सियो, नगरपालिकेत खुर्चीवर बसतो, चष्मा लावतो आणि अक्कल घरी खुंटीला टांगून जातो. मनिलाच्या डॉक्टर किंतोसबाईंनी सीटी स्कॅन करून सांगितलं, त्याच्या पोराच्या मेंदूत अगदी मधोमध गाठ आहे. तर हा पोराला घेऊन गेला नुसत्या हातानं गाठी काढणाऱ्या ब्रदर अनिसेतोच्या मांडवात. मला न विचारता!

कळल्याबरोबर मीही तिथं पोचले. अख्ख्या पांगासिनान प्रांतातून माणूस लोटलेलं. मेणबत्त्या, माळा, गाणी. माझा नातू डेल्फिन बाकावर आडवा. ब्रदरनं रिकामे हात सगळ्यांना दाखवले, कापूस घेतला, पोराच्या कपाळावर बोटं दाबली. भळाभळा रक्त! मग पोराला उठवून बसवलं, आणि लाल गोळा वर धरून तो गरजला, "ना सुरी, ना टाका! गाठ गेली, तिसरा डोळा उघडला! बघा, पोर वर पाहतसुद्धा नाही. देवापुढं नजर झुकलीय!"

लोक रडायला लागले. आमच्यात लहानांनी थोरांचा हात कपाळाला लावायचा. इथं पिकल्या केसांच्या बाया रांग लावून या मिसरूड न फुटलेल्या पोराचा हात आपल्या कपाळाला लावत होत्या. माझ्या अंगाची लाही झाली. त्या गडबडीत मी ब्रदरनं ताटात टाकलेला गोळा रुमालात बांधला आणि पोराला आंब्याच्या झाडाखाली ओढलं.

"वरचा आंबा दिसतो का रे?"

त्यानं अख्खी मान मागं टाकली. "आता दिसतो, लोला," तो मला, आपल्या आजीला, म्हणाला. "नुसते डोळे वर जातच नाहीत. आणि डोकं अजून ठणकतंय."

म्हणे नजर झुकली!

"लिओन्सियो, गाठ निघाली ना? चल, परत स्कॅन काढू."

"ब्रदर नको म्हणतात, नानाय," तो मला, आपल्या आईला, समजवायला लागला. "किरणांनी तिसरा डोळा मिटतो."

"फोटोला घाबरणारा चमत्कार होय? चल मुकाट्यानं!"

डॉक्टर किंतोसबाईंनी जुनी आणि नवी फिल्म उजेडासमोर शेजारी-शेजारी लावली. पावाचे काप करावेत तसे डोक्याचे काप, कवटी न उघडता.

"ही गाठ. जिथल्या तिथं," बाई म्हणाल्या. "डोळे वर नेणारी जागा ती दाबतेय. मेंदूतल्या पाण्याची वाटही अडलीय. या पोकळ्या बघा कशा फुगल्यात. अजून थांबलात तर पोर हाती लागणार नाही. आणि कपाळाच्या हाडाला कुठं भोक दिसतंय?"

"पण मी डोळ्यांनी गोळा पाहिला..."

मी रुमाल सोडला. बाईंनी चिमट्यानं गोळा उलटा केला. कोंबडीची कलेजी! तिला चिकटून फुग्याच्या रबराची फाटकी चिंधी.

"कापसात रक्ताचा फुगा लपवायचा. बोट दाबलं की फुटतो," बाई म्हणाल्या.

लिओन्सियोनं खिशातून पेन काढलं आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

त्याच दिवशी नळी घालून पाण्याला वाट करून दिली. मग गाठ जाळायला थोडे किरण देऊन पुन्हा स्कॅन. गाठ आकसली होती, म्हणजे किरण लागू पडत होते, म्हणून पुढचे किरण दिले. आज डेल्फिन मान न हलवता छताकडं बघतो.

परवा जेवताना लिओन्सियो पुटपुटला, "ब्रदरचाही थोडा हात असेल, नानाय."

मी भाताचा चमचा खाली ठेवला.

"होता की, कलेजी लपवणारा! प्रार्थना कर, मीही करते. पण आजार ज्यानं तपासून पाहिलाय त्यालाच औषध विचार. आणि कुणी 'तपासू नका' म्हणालं, की पोराला उचल आणि तिथून चालता हो. तू घाबरलास, लिओन्सियो, ते मी समजू शकते. पण घाबरून तू प्रश्न विचारायचं सोडलंस, आणि तेवढ्यानं माझा नातू जात होता."