गाडी गेल्यावरचं न्हाणं

मीटिंग नव्हती. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जीभ वळेल.

सकाळी माझ्या नवऱ्यानं, गोरक्षनं, गाडी अंगणात आणली. आत्यांनी मामांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि मला विचारलं, "तू येतीस न्हवं?" आत्या म्हणजे माझ्या सासूबाई कुशाबाई, आणि मामा म्हणजे सासरे तात्याबा, गोरक्षचे आबा. इकडं चाकणच्या बाजूला सुना असंच म्हणतात. मामांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि चिंचवडच्या एका दवाखान्यात त्या दिवशी दुपारी ऑपरेशन होतं. मी या घरची एकुलती एक सून. मी काय म्हणाले, तर "ऑफिसची मीटिंग आहे हो. ती उरकली की डबा घेऊन येतेच." मामाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. काम आसंल."

काम कसलं डोंबलाचं. मला केस धुवायचे होते.

आता हसाल तुम्ही. पण ज्याचे केस सरळ आहेत त्यानं हसू नये. माझे केस कुरळे, दाट आणि महाहट्टी. लहानपणापासून 'झिपरी' ऐकत वाढले. तेल चोपडून, वेण्या घट्ट आवळून आईच्या नाकी नऊ आले. पुढं हिंजवडीत नोकरी लागली, तेव्हा त्यांना कसं सांभाळायचं ते कळलं. ताथवड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीतला अख्खा एक कप्पा त्या बाटल्यांचा आहे, आणि गोरक्ष त्याला देव्हारा म्हणतो. इथं मात्र मी शनिवार-रविवारपुरती आले होते. एका छोट्या पाऊचमध्ये जरासा शाम्पू, जरासं कंडिशनर, बस्स.

आले होते मामांना समजवायला. त्यांचे वडील दवाखान्यात गेले ते परत आलेच नव्हते, त्यामुळं मामांनी दवाखान्याचं नावच टाकलेलं. पोटात कळ आली की बाजेवर मुटकुळं करून पडायचे, पण चला म्हटलं की भिंतीकडं तोंड. गोरक्षनं हात टेकले, आत्यांनी देव पाण्यात ठेवले. मग मी कंबर कसली. शनिवार-रविवारचे दोन आठवडे झाले, ऑफिसचं काम इथूनच चालवलं, लॅपटॉप उघडून माजघरात बसले, मामांना व्हिडिओ दाखवले, कागदावर पोट काढून दाखवलं. आणि एका संध्याकाळी मामा अचानक म्हणाले, "व्हय. करू." मी तर हवेतच. गावात जो भेटेल त्याला सांगत सुटले, की मामा माझ्यामुळं तयार झाले.

या सगळ्यात पाऊच कधीच संपलं होतं. बोअरचं पाणी खारं, साबणसुद्धा फेसत नाही. बंबातलं गरम पाणी मामांच्या पोटाच्या शेकाला. त्यात सोमवारी न्हायचं नाही, एकादशीला नाही. आणि माझं न्हाणं म्हणजे चांगला दीड तासाचा कार्यक्रम. सासरा बाजेवर कण्हतोय आणि सून न्हाणीत बटा सोडवतेय, हे कसं दिसेल? डोकं नुसतं खाजत होतं. चुलीच्या धुराचा वास तर उशीलासुद्धा लागला होता.

गाडी वेशीपाशी वळली आणि मला हायसं वाटलं. किती हायसं, तर मी चक्क गाणं गुणगुणायला लागले. फोन आत चार्जिंगला लावला, आवाज बंद केला, आणि पदर खोचला.

मेथ्या रात्रीच भिजत घातल्या होत्या. हो, रात्रीच. म्हणजे मीटिंगची थाप मी सकाळी अचानक मारली नव्हती, तेही ओघानं आलंच. त्या वाटल्या, बुळबुळीत झाल्या, की झालं कंडिशनर. आत्यांच्या चटणीच्या डब्यातले मूठभर जवस पाण्यात उकळून गाळले. तो चीक केसांना लावला की बटा जागच्या जागी बसतात, बाजारातलं काही लागत नाही. पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा जार न्हाणीत ओढत नेला आणि निवांत बसले. केसांचे भाग पाडायचे, मेथी लावायची, बोटांनीच गुंता सोडवायचा, फणी लावायची नाही. खालून वर ओंजळीनं दाबायचे. टॉवेलनं कुरळे केस पिंजारतात, मऊ सुती कपडा लागतो. दोरीवर मामांचं जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन अगदी मलमल झालेलं. तेच घेतलं आणि डोक्याला गुंडाळलं.

मग मन जरा खाऊ लागलं. एवढी थाप मारून घरी राहिलेय, तर निदान मामांचं अंथरूण तरी धुवावं. आजाऱ्याचा वास बसला होता त्याला. वाकळ, चादर, उशीचा अभ्रा, सगळं धुऊन दोरीवर टाकलं. बाज अंगणात ओढली आणि ऊन लागावं म्हणून भिंतीशी उभी केली. धोतर सोडून तेही वाळत घातलं, आणि केस मोकळे सोडून ओट्यावर उन्हात बसले. काय सांगू, बटा अशा सुरेख पडल्या होत्या की आरसा आणून बघितलं.

समोरच्या गिरजाबाई दारात उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

थोड्या वेळानं त्या आल्या, हातात फडक्यानं झाकलेली टोपली. माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "दोन घास खाऊन घे पोरी," म्हणाल्या, "उपाशी ऱ्हाऊ नगं." टोपलीत पिठलं आणि भाकरी होती. मी म्हटलं, केवढं हे शेजारपण. आमच्या ताथवड्याच्या बिल्डिंगमध्ये मेलं तरी कोण विचारत नाही. भूकही सणकून लागली होती. मांडीवर ताट घेऊन मी दीड भाकरी हाणली, वर कांदा मागितला. "पिठलं काय झालंय हो," म्हटलं. गिरजाबाई माझ्याकडं अशा बघत होत्या की मला वाटलं, केसच बघताहेत. मी सांगितलंसुद्धा, "जवस लावलाय, तुम्हीही लावून बघा."

तेवढ्यात आणखी दोघी-तिघी आल्या. मग सोपानराव आले, मामांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी काखेतली सतरंजी अंगणात अंथरली आणि बसले. जमिनीकडं बघतच त्यांनी विचारलं, "कवा आणनार?"

"चार दिवस तरी ठेवून घेतील," मी म्हटलं.

"चार दिस?" सोपानरावांनी मान वर केली. "आन कशापायी? मुंबईवरनं कोण यायचंय का?"

"नाही हो. टाके सुकायला नकोत का?"

गिरजाबाईंनी माझं मनगट धरलं. "पोरी, तात्या हायेत का?"

"हायेत म्हणजे? आहेत की. दुपारी ऑपरेशन आहे."

मग एकेक उलगडलं, आणि एकेका शब्दागणिक मी जमिनीत जात राहिले. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्यामागं त्या दिवशी बाईनं डोक्यावरून पाणी घ्यायचं नसतं. त्यातून माणूस दवाखान्यात निघालेलं. गाडी गेली आणि तासाभरात सून न्हाली, केस मोकळे सोडले. अंथरूण धुतलं, धोतर वाळत टाकलं, बाज अंगणात उभी केली. मयताच्या घरात जे जे करतात ते ते मी ओळीनं केलं होतं, गुणगुणत. असल्या वेळी कुणी विचारत नाही. विचारायचं काय, बघितलं की कळतं. त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भाकरी आणतात. त्याला कडू घास म्हणतात. मामा जिवंत असताना मी त्यांच्या नावाचा कडू घास खाल्ला होता, आणि वर कांदा मागितला होता.

मला तिथल्या तिथं मातीत तोंड लपवावंसं वाटलं. गिरजाबाईच मला समजावू लागल्या. सोपानराव म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नगं. मरनाची खोटी आवई उठली की मानसाचं आविष्य वाढतंय." मग ते जरा खाकरले. "एक चूक झाली. म्या सांगवीला दुर्गाबाईला फोन केला."

दुर्गाबाई म्हणजे मामांची धाकटी बहीण. मी धावत आत गेले. फोनवर गोरक्षचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. मी लावला, तर त्यानं पहिल्या रिंगला उचलला.

"घरी काय चाललंय वर्षाली?" त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "सांगवीच्या आत्यानं आबांच्याच फोनवर फोन केला. आईनं उचलावा म्हणून. उचलला आबांनीच. त्यांचा आवाज ऐकून ती किंचाळली, मग रडत रडत सगळं सांगितलं. तू केस धुतलेस? बाज बाहेर काढलीस?"

"मला माहीत नव्हतं रे," मी म्हटलं. हे खरं होतं, पण तोंडातून निघताना खोट्यासारखंच निघालं.

"आबांनी शर्ट मागून घेतलाय. घरी चला म्हणतात. डॉक्टर येऊन गेले, इतके दिवस थांबायला नको होतं म्हणाले, खडा नळीत अडकलाय. आता नाही केलं तर जीवावर बेतेल. आई रडतेय. आणि आबा एकच म्हणतात, वर्षालीला फोन लावा."

मी फोन कानाला लावून अंगणात आले. का आले कुणास ठाऊक, आत एकटीनं उभं राहवेना. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. पलीकडं मामांचा श्वास ऐकू आला.

"न्हालीस म्हनं," मामा म्हणाले.

"हो मामा."

"मीटिंग झाली?"

मला खोटं बोलता आलं असतं. अंगणातल्या कुणाला काय कळणार होतं? "मीटिंग नव्हती मामा," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मला." रागाचा लवलेश नव्हता आवाजात, आणि तेच सोसवत नव्हतं. "म्हनून तर म्हणलं, ऱ्हाऊ दे तिला. किती दिस डोकं खाजवत हुतीस. माझ्या शेकापायी तुला पानीच मिळंना."

"मामा, माझं चुकलं. पण ऑपरेशन करून घ्या. तुम्ही माझ्यासाठी तयार झालात ना? मी एवढं समजावलं, तेव्हा हो म्हणालात."

ते जरा हसल्यासारखे झाले, मग कळ आली असावी. "न्हाई गं पोरी. तुझ्या त्या चित्रानं तर मला लईच भ्या वाटलं. त्या सांजंला तू मागल्या दारी फोनवर आईशी बोलत हुतीस. कवा एकदा यातनं सुटतीया, म्हणलीस. म्या आत ऐकलं. म्हणलं, पोर आपल्यापायी अडकलीया. मग व्हय म्हणलो."

गावभर मी काय काय सांगत फिरले होते, ते सगळं एकदम कानात वाजायला लागलं.

"तुला आता बरं वाटलं का, एवढंच इचारायचं हुतं," मामा म्हणाले. "न्हाऊन?"

"नाही मामा."

"वाटू दे. आता झालंच हाय तर वाटू दे. गोरक्ष, शर्ट नगं रं आता, ठेव माघारी. त्ये नेतील आत." मग मला म्हणाले, "वाळलं का क्यास? वल्या डोक्यानं बसू नगंस, सर्दी हुईल."

फोन आत्यांच्या हातात गेला. त्या रडत होत्या आणि एवढंच म्हणाल्या, "चालले गं, आपल्या पायानं आत चालले." पुढं फोन कट झाला.

मी तशीच उभी. अंगणात सतरंजीवर माणसं, पायाशी माझं उष्टं ताट, आणि माझे केस ज्याला त्याला दिसतील असे खांद्यावर मोकळे. मला ते हातानं झाकावेसे वाटत होते.

"काय म्हणलं तात्या?" गिरजाबाईंनी विचारलं. "चिडलं काय?"

मामा कशापायी तयार झाले होते, ते खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. सगळे ऐकायलाच बसले होते.

"काही नाही," मी म्हटलं. "केस वाळले का, विचारत होते."