पाढे ऐकणारा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. रंगाने लाल, तबकडी गोल आणि उचलायला जडशीळ. चंडीगडच्या सेक्टर बावीसमध्ये डॉक्टर विनया दामले यांचा दवाखाना आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी राहतो. माझी वायर केव्हाच काढून टाकली आहे, पण माझ्या कानात एक पाढा अजून घुमतो. त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तोंडापाशी बारीक भोके पाडून त्यांच्यामागे कोळशाची पूड भरलेली डबी बसवली. माणूस बोलू लागला की ती पूड थरथरते आणि आवाज तारेतून पुढे जातो. म्हणून मला शब्दांइतकाच श्वासही ऐकू येई. त्या काळी अर्ज केल्यावर टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे लागत. मी आलो त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला हळदकुंकू लावले आणि शेजारच्या कौर आंटींनी बर्फी वाटली. माझ्यासाठी विणलेला रुमालही होता. अगदी जावयासारखा थाट!

पुढे बाजार खुला झाला, चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ आले आणि हळूहळू घरोघरी फोन वाजू लागले. गजाननराव सुर्व्यांच्याही घरी आला. ते डॉक्टरबाईंचे जुने रोगी, मूळचे चिपळूणचे. इंडस्ट्रियल एरियातल्या सायकलच्या सुट्या भागांच्या कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झाले होते आणि पत्नी सुमित्राबाईंबरोबर सेक्टर त्रेचाळीसमध्ये राहत होते. त्यांना दमा होता. उन्हाळाभर माणूस ठणठणीत, पण चंडीगडचे धुके पडले की छाती भरून यायची.

कारखान्याची स्वतःची आरोग्य विमा योजना होती. तिच्यातून गजाननरावांना औषधे मिळत. मात्र नियम असा होता की दर महिन्याला डॉक्टरांनी रोग्याला समोर बसवून तपासले पाहिजे. फोनवर घेतलेला सल्ला विम्यात बसत नसे. नियम अगदीच वेडा नव्हता बरं का. फोनवर कोण बोलले, बोलले की नाही, हे योजनेने कसे ओळखायचे? पण त्यामुळे व्हायचे असे की, ज्या धुक्याने दमा वाढतो त्याच धुक्यातून गजाननराव ऑटोने येत आणि अर्धमेले होऊन खुर्चीत बसत. "गोळ्या त्याच चालू ठेवा," एवढे ऐकायचे आणि तसेच धापा टाकत परत जायचे. एका जानेवारीत तर ते दवाखान्यात आले आणि तिथूनच इस्पितळात गेले. सुमित्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, "डॉक्टर, पुढच्या थंडीत मी ह्यांना घराबाहेर काढणार नाही. औषध बंद झालं तरी चालेल."

औषध बंद होऊन कसे चालणार? डॉक्टरबाईंनी योजनेच्या अधिकाऱ्यांना, नरेशजींना, बोलावले. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी ते आले, तेव्हा डॉक्टरबाई माझा रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. त्यांची एक युक्ती होती. त्या गजाननरावांना एका दमात पाढे म्हणायला लावत. छाती मोकळी असेल तर बेचा आणि तीनचा असे दोन पाढे एका श्वासात होत. जितके आधी अडखळले, तितकी छाती भरलेली.

माझ्यातून बारीक आवाज येत होता, "बे एके बे, बे दुणे चार..."

नरेशजींना तो लयीतला आवाज पोथीच्या पाठासारखा वाटला. त्यांनी चटकन बूट काढले, खिशातला रुमाल डोक्यावर पसरला आणि हात जोडून माझ्यासमोर उभे राहिले! मोठमोठ्या माणसांनी माझ्यासमोर आवाज चढवलेला मी पाहिला होता, पण कुणी हात जोडले नव्हते.

"पहले पाठ पूरा हो जाए, डॉक्टर साहिबा," ते हळूच म्हणाले.

"पाठ नहीं जी, पहाड़ा है! दो का पहाड़ा!" डॉक्टरबाईंना हसू आवरेना.

पण ते हसू लगेच मावळले. बे चोक आठनंतर मला एक बारीक सुस्कारा ऐकू आला.

"काका, श्वास चोरलात!"

"छे हो, डॉक्टर. आवंढा गिळला."

"पुन्हा म्हणा. पहिल्यापासून."

या वेळी गजाननराव बे सकवर थांबले. बारा काही आले नाही, नुसती छातीतली शीळ आली. डॉक्टरबाईंनी रिसीव्हर नरेशजींच्या कानाला लावला. त्यांना मराठी येत नव्हते, पण ती शीळ समजायला भाषा कशाला हवी? खिडकीबाहेर धुके इतके दाट होते की समोरचे झाड दिसत नव्हते.

"आपके नियम से इनको यहाँ आना चाहिए," डॉक्टरबाई म्हणाल्या.

डोक्यावरचा रुमाल तसाच ठेवून नरेशजी दाराकडे वळले. "नहीं जी. आज हम जाएँगे. गाड़ी नीचे खड़ी है।"

डॉक्टरबाई पिशवी घेऊन निघाल्या. वेळेवर इंजेक्शन मिळाले, वाफ मिळाली आणि गजाननराव सावरले. वसंत यायच्या आत नियम बदलला. पहिली तपासणी समोर बसवून, नंतरची फोनवर चालेल. फोन डॉक्टरांनी स्वतः रोग्याच्या घरी करायचा. श्वास अपुरा वाटला, तर रोग्याला प्रत्यक्ष पाहायचे. हे सगळे आता विम्यात बसू लागले. मग कौर आंटींचे दमेकरी सासरेही मला ऐकवू लागले, "इक दूणी दूणी, दो दूणी चार..." थंडीभर माझ्यात नुसती शाळा भरलेली असे!

पुढे बिनतारी फोन आला, मग मोबाइल आले. मला कपाटात ठेवले. काही दिवस वाईट वाटले, पण तो विणलेला रुमाल अजून माझ्याखालीच आहे आणि काचेतून सगळा दवाखाना दिसतो.

परवा गजाननराव आले होते, उन्हाळ्यात, आपल्या पायांनी. कपाट उघडून त्यांनी माझा मुका रिसीव्हर उचलला आणि डॉक्टरबाईंकडे बघत सुरुवात केली. बेचा पाढा संपला, तीनचा संपला. "तीन दाहे तीस! बघा, एका दमात!"

"काका, तीन पंचेला श्वास चोरलात."

"अहो, फोन तर बंद आहे! तुम्हाला कसं कळलं?"

"आज तुम्ही समोर दिसताय ना!"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि दूर राहणाऱ्या आजीआजोबांना फोन केलात, तर "बरा आहे" एवढे ऐकून ठेवून देऊ नका. त्यांना एखादा पाढा म्हणायला लावा. श्वास कुठे चोरतात, तेही नीट ऐका.