कुरडयांची रजा

नळानं घसा खाकरला आणि पहाटेच्या घरातली शांतता मोडली.

कांताबाई अंधारातच उठून बसल्या. आठवड्यानं पाणी येणार म्हणून तोटी झोपतानाच उघडी ठेवलेली होती. आधी हवा फुसफुसली, मग दोन थेंब बादलीच्या बुडाशी वाजले. पलीकडच्या खोलीतून संध्या ओढणी कमरेला बांधत आली. तिचा नवरा संपत स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळीला होता, पाच वर्षांची यशू गाढ झोपली होती. अशा वेळी या सासू-सुना न बोलता कामाला लागत. एकीनं भरायचं, दुसरीनं उचलायचं.

त्या दिवशी मात्र कांताबाई बोलल्या. तेही पाण्याच्या धारेकडं बघत.

"झुंबरबाईचा फोन आल्ता काल."

झुंबरबाई त्यांची थोरली बहीण. हसनाबादला राहायची.

"काय म्हणत होत्या मावशी?"

"काय म्हणणार. गहू भिजू घालून राह्यले म्हणली. औंदा तरी ये, दोघी मिळून कुरडया करू. तिच्या एकटीच्यानं आता साचा फिरत न्हाई."

संध्यानं भरलेली बादली उचलली. यशू होण्याआधी सासूबाई दर उन्हाळ्यात आपला पितळी साचा घेऊन हसनाबादला जायच्या. माळवदावर जुनी लुगडी अंथरून दोघी बहिणी कुरडया घालायच्या आणि वर्षभराचं बोलून घ्यायच्या. मग यशू झाली, बाळंतपणाची रजा संपवून संध्या कामावर गेली, आणि ते जाणं बंद झालं. कुणी बंद केलं नव्हतं. आपलं आपणच झालं.

"जा की," संध्या म्हणाली. "फक्त आमचा सीझन सुरू झालाय. रोज गाड्या सुटून राह्यल्या. बघा, तुम्हीच ठरवा, आत्याबाई."

कांताबाईंनी तोटीखाली घागर सरकवली.

"त्यात ठरवायचं काय माय. पोरीला कोण बघंल?"

एवढंच. रुसवा नाही, उसासा नाही. घागर भरली, त्यांनी दुसरी लावली. पण संध्याला हातातली बादली नेहमीपेक्षा जड लागली.

नवीन जालन्यात स्टेशनाच्या रस्त्याला एक बियाण्याची कंपनी आहे. संध्या तिथं डिस्पॅचला होती. कुठल्या दुकानदाराचं कुठलं बियाणं कुठल्या गाडीत चढायचं, ते तिच्या टेबलावरून ठरायचं. जेठमल शेठजींनी उभी केलेली कंपनी आता त्यांचा नातू अंकित बघत होता. अंकित पुण्याला शिकून आला होता आणि माणूस चांगला होता. आवाज चढवायचा नाही, चहासाठी सगळ्यांसोबत उभा राहायचा. गुढीपाडव्याला त्यानं सगळ्यांना एकत्र बोलावलं, केक कापला आणि जाहीर केलं की आजपासून सुट्ट्यांना मर्यादा नाही. पगार कापणार नाही, कारण विचारणार नाही. पाहिजे तेव्हा घ्या, पाहिजे तेवढी घ्या.

टाळ्या झाल्या. केक संपला. आणि त्यानंतर कंपनीत कुणी एक सुट्टी घेतली असेल तर शपथ.

पंगतीत वाढणारा हात आखडून वाढायला लागला, की माणूस बिनदिक्कत मागून घेतो. पण यजमानच पुढ्यात उभा राहून "लाजू नका, पोटभर घ्या" म्हणाला, की तोच माणूस अर्धी पोळी कमी खातो आणि शेजाऱ्याच्या ताटाकडं बघत बसतो. कंपनीत तसंच झालं होतं. पूर्वी वर्षाच्या ठरलेल्या सुट्ट्या असायच्या, त्या ज्याच्या त्याच्या असायच्या. "माझ्या शिल्लक आहेत" असं ठणकावून सांगता यायचं. आता सगळ्याच सुट्ट्या आपल्या होत्या आणि त्यातली एकही हाताला लागत नव्हती.

सगळ्यात जास्त हाल झाले भागवतचे. भागवत गोडाऊन बघायचा. सुट्टी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा एकुलता एक मामा तीनदा वारला होता.

"माझी तर कलाच बुडाली मॅडम," तो म्हणायचा. "कारणच लागत न्हाई म्हणल्यावर थाप मारावी तरी कशाची? अन् खरं बोलून सुट्टी मागायची आपल्याला सवय न्हाई."

त्या सकाळी चहाच्या वेळी संध्या त्याला म्हणाली, "भागवतभाऊ, मी पुढचा आठवडा येणार नाही."

भागवतचा कप ओठाशीच थांबला. "कोण सीरियस आहे?"

"कुणी नाही."

"मंग पाडा कुणाला तरी आजारी! मे महिना चालू आहे मॅडम, बाहेर गाड्या उभ्या आहेत. पोरीला गोवर आला म्हणून सांगा. गोवराला बिलकुल कुणी न्हाई म्हणत न्हाई."

"माझ्या लेकीचं नाव घेतलं तर जीभ हासडीन."

"बरं मंग सासूचं घ्या."

"सासूचंच घेणार आहे," संध्या म्हणाली आणि उठली.

अंकितच्या केबिनला काचा होत्या, एसी होता आणि एका कोपऱ्यात पांढरी गादीही होती. त्या गादीवर जेठमल शेठजी रोज दोन तास येऊन बसायचे. त्यांना आता फारसं कुणी काही विचारत नसे, पण गादी उचलायची हिंमतही कुणाची नव्हती.

"सर, सोमवारपासून आठवडाभर मी सुट्टीवर आहे."

अंकितचा चेहरा हसराच राहिला. "अरे, शुअर. पॉलिसी आहेच ना आपली." मग त्यानं काचेबाहेर उभ्या असलेल्या ट्रककडं पाहिलं. "फक्त टायमिंग जरा... सीझन आहे. टीमचाही विचार करावा लागतो. मी नाही म्हणणार नाही हां, मॅडम. बघा, तुम्हीच ठरवा."

संध्या जागच्या जागी थबकली.

हे तिचेच शब्द होते. पहाटे तिनंच ते वापरले होते, ओल्या हातांनी, एका बाईला गप्प करायला. तेव्हा ते किती समजूतदार वाटले होते. दार उघडं ठेवायचं आणि उंबऱ्यात आपणच उभं राहायचं. समोरचा माघारी वळला, तर तो त्याच्या मर्जीनं वळला.

"ठरवलंय सर," ती म्हणाली. "ठरवूनच आले."

"घरी काही प्रॉब्लेम? म्हणजे, कारण विचारत नाही मी, पण..."

"विचारा की. माझ्या सासूबाईंना बहिणीकडं जायचंय. कुरडया करायला."

बिल्ट्यांवर, म्हणजे गाडीत चढलेल्या मालाच्या पावत्यांवर, सह्या घ्यायच्या निमित्तानं भागवत दाराशी येऊन उभा होता. त्याला जोराचा ठसका लागला.

"कुरडया," अंकित म्हणाला. त्याला कुरडई माहीत होती ती लग्नाच्या पानातली. "त्या तर बाजारात मिळतात ना, मॅडम?"

"मिळतात. बहीण मिळत नाही."

कोपऱ्यातून हसू आलं. शेठजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"अंकित, चीक खाल्ला का रे कधी? कुरडयांचा? गरम गरम, तूप-साखर घालून? आमच्या शेजारच्या बाया वाटी भरून द्यायच्या. तुझी दादी अन् मी भांडायचो त्याच्यावरून."

"दादाजी, बात वो नहीं है..."

"बात वहीच है." शेठजींनी चष्मा डोळ्यांना लावला. "आमच्या टायमाला अमावस्येला वजनाचा काटा बंद, सगळ्यांना सुट्टी. हमाल असो, मुनीम असो, मी असो. कुणी मागायची न्हाई, कुणी द्यायची न्हाई. मागणारा शरमिंदा न्हाई अन् देणारा मोठा न्हाई. महिन्याला एकच दिवस. कंजूस होतो मी, मालूम आहे मला. लेकिन तो दिवस पक्का होता."

संध्याला वाटलं, हीच वेळ आहे. आता नाही बोलले तर पुढच्या उन्हाळ्यातही सासूबाईंचा साचा फळीवरच राहणार.

"सर, मला 'पाहिजे तेवढ्या' सुट्ट्या नकोत. थोड्या द्या, पण माझ्या म्हणून द्या. मर्यादा लिहायची नसली तर नका लिहू. पण एवढ्या तर प्रत्येकानं घ्यायच्याच, असं लिहा. म्हणजे भागवतभाऊंच्या मामालाही शांती मिळेल."

अंकितला हसू आवरलं नाही. "आणि डिस्पॅच कोण बघणार?"

"भागवतभाऊ. मी आले की मंग ते जातील."

"मी?" भागवत खरंच घाबरला. "मी कुठं जाऊ?"

"कुठंबी जा. बायकोला घेऊन जा. बघा तिला काय वाटतं ते."

"तिला वाटंल मला काढून टाकलं," भागवत म्हणाला.

अंकितनं पुढ्यातल्या कागदावर पेन दोनदा आपटलं. लिहिलं काही नाही. पण "सोमवारपासून," तो म्हणाला, "ठीक आहे. बाकीचं सोचता हूँ मैं." आणि संध्या केबिनमधून बाहेर पडली, तेव्हा ऑफिसातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळलेल्या होत्या. पंगतीत पहिला घास कुणीतरी घेतला होता. ती ताठ मानेनं टेबलापर्यंत गेली आणि उभ्या गाडीची बिल्टी फाडली.

भागवतच्या बायकोला जे वाटणार होतं, ते कांताबाईंना संध्याकाळीच वाटलं.

"खरं सांग," त्या म्हणाल्या, "काढलं तर न्हाई ना तुला?"

"नाही हो."

"मंग पगार?"

"चालू."

"घरी बसून?" कांताबाईंची उभी हयात दुसऱ्याच्या कपाशीत गेली होती. खाडा पडला की हजेरी गेली, एवढाच कायदा त्यांना ठाऊक होता. "असं कोण देतं? उद्या त्याची मर्जी फिरली मंग?"

"मर्जीवर नको म्हणूनच भांडून आले. तुम्ही जा, आत्याबाई. सोमवारची गाडी धरा."

कांताबाई थोडा वेळ भाकरीच्या पिठात बोटं फिरवत राहिल्या. मग हात धुतले, आत गेल्या आणि पलंगाखालून पिशवी ओढून काढली. त्यांचं सामान भरायला संध्या मागोमाग गेली. पण भरायचं काही नव्हतंच. लुगडी, चोळ्या, झुंबरबाईसाठी घेतलेली चष्म्याची दोरी, यशूच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेला पितळी साचा, सगळं आत होतं. कधीपासून होतं, ते संध्यानं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी तिघी बसस्टँडवर आल्या. ऊन आत्ताच चटके देत होतं.

"सांजच्याला पोरीला ताक देऊ नको, खोकती ती," कांताबाई सांगत होत्या. "संपत पाळीवरून आला की आधी पाणी दे, मंग बोल. उपाशीपोटी लई कावतो. अन् मी गुरुवारीच येते माघारी."

"शनिवारच्या आत आलात तर दार उघडणार नाही."

"घे! मलाच घराबाहेर काढून राह्यली," कांताबाई म्हणाल्या, आणि हसताना त्यांनी पदर तोंडाला लावला.

हसनाबादची गाडी लागली. गर्दीत शिरून त्यांनी खिडकीची जागा धरली, साचा मांडीवर घेतला आणि पदर सारखा केला. संध्याला वाटलं, आता अजून काही सूचना येतील. पण शेजारी बसलेल्या बाईनं काहीतरी विचारलं आणि कांताबाई तिच्याकडं वळून हातवारे करत बोलायला लागल्या. गाडी हलली तरी त्या बोलतच होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. संध्याला ते फार बरं वाटलं.

"मम्मी, आजी कुठं चालली?" कडेवरच्या यशूनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी.

"आजी सुट्टीवर चालली," संध्या म्हणाली. म्हणताना तिला थोडा अभिमानही वाटला.

यशूनं धुळीत लहान होत जाणाऱ्या गाडीकडं पाहिलं. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

"आजी ऑफिसला जाती?"

"नाही गं."

"मंग कामाला जाती?"

"नाही. आजी घरीच असते ना, तुझ्याजवळ."

"मंग," यशूनं आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं, "तिला सुट्टी कशाची?"