निळ्या झग्यातला मुद्देमाल

मित्रांनो, या घरातली पोरं मला कोट अडकवायची खुंटी समजतात. समजोत बापडी! पण मी आहे एका चित्रकाराचा जुना लाकडी पुतळा. सुताराने मला शिसवी लाकडातून घडवलं आणि माझे हातपाय खुंट्यांनी असे जोडले, की बसवाल तसा बसेन. माणसं चित्रासाठी फार वेळ बसत नाहीत. त्यांना खाज सुटते, भूक लागते, घरची आठवण येते. मग त्यांचे कपडे मला घालून चित्रकार उरलेलं चित्र पुरं करतो. मी सरदार झालो, न्यायाधीश झालो, एकदा तर नवरीही झालो. कौतुक मात्र नेहमी चेहऱ्याचं व्हायचं, बसायचो मी!

आमचा चित्रकार हाताने धीट, तोंडाने भित्रा. एकदा त्याच्याकडे हातमोजेवाली आली. वडिलांमागे दुकान एकटीने चालवणारी, बोलण्यात तिखट. निळा झगा माझ्या अंगावर टाकून म्हणाली, “मुंडकं माझं घ्या, बाकीचं याच्यावर भागवा. मला गिऱ्हाइकं आहेत.”

ती समोर असली, की चित्रकार फक्त एवढंच म्हणायचा, “मान जराशी डावीकडे.” ती गेली, की माझ्यासमोर त्याच्या जिभेला पंख फुटायचे. माझं ऐकून घेण्याचं काम वाढलं, तेलपाणी मात्र तेवढंच राहिलं.

एके दिवशी दुकानाला कुलूप दिसलं. हातमोजेवाली कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही. चित्रकार कासावीस झाला. माझ्यापुढे गुडघे टेकून बराच वेळ बोलला. मग झगा उन्हात टाकावा म्हणून तो उतरवायला लागला. माझा खांदा उपसल्याशिवाय बाही निघत नाही. त्याने तो उपसला, आणि समोरच्या खिडकीतून पाववाली काकू किंचाळली, “खून! खून!”

फौजदार आले. चित्रकाराच्या बोटांना तांबडा रंग होता. मी लाकडाचा आहे हे त्यांना दिसलं. “पण झगा कोणाचा?” त्यांनी विचारलं.

“हातमोजेवालीचा.”

“आणि बाई कुठे?”

“तेच मला कळत नाही हो!”

“झगा इथे आणि बाई बेपत्ता. चला.”

चित्रकाराला धरून नेलं. मला मुद्देमाल म्हणून, माझा उपसलेला हात माझ्याच बगलेत खोचून, चौकीतल्या स्टुलावर बसवलं. बाई सापडली नाही तर याच्या गळ्यात फास, अशी कुजबुज चौकीत सुरू झाली.

काकूची जबानी सुरू झाली. “मी कान देऊन ऐकत नाही हो, पण खिडकी उघडी होती. हा म्हणाला, ‘तुम्ही येता तेव्हा या खोलीत ऊन येतं.’ मग म्हणाला, ‘तुमच्या दुकानात मी हातमोजे घ्यायला येतो, मला हातमोजे लागतच नाहीत.’ मग विचारलं, ‘माझ्याशी लग्न कराल का?’ ती बिचारी गप्प! तर या मेल्याने तिचा हातच उपटला!”

चित्रकार कानांपर्यंत लाल झाला.

“काकू, ते लग्नाचं पुन्हा सांगा बरं,” दारातून आवाज आला.

हातात गाठोडं घेऊन हातमोजेवाली उभी! बहिणीचं बाळंतपण अडलं म्हणून मिळेल त्या घोडागाडीने ती धावली होती. परत येते तर गल्लीभर तिच्याच मरणाचा बोभाटा.

“खून माझाच ना? मग मला ऐकायला नको?” ती चित्रकाराकडे वळली. “मला नुसतं ‘मान डावीकडे’, आणि या ओंडक्याला एवढं सगळं?”

“त्याच्यासमोर भीती वाटत नाही,” तो पुटपुटला.

तिने मला उचलून भिंतीला टेकवलं, स्वतः स्टुलावर बसली, मान जराशी डावीकडे केली. “मी लाकूड आहे असं समजा. विचारा.”

त्याने विचारलं. चाचरत, पण विचारलं.

“हो म्हणा हो बाई,” फौजदार म्हणाले, “मला घरी जेवायला जायचंय.”

ती हसली आणि “हो” म्हणाली. काकू सगळ्यांत मोठ्याने रडली आणि लग्नात सगळ्यांत आधी येऊन बसली.

मित्रांनो, आता मी जिन्याखाली असतो. तो निसटलेला हात पोरांनी चेंडू मारायला नेला, तो परत आलाच नाही. पायाला कीड लागली आहे. कधीतरी फडक्याने पुसा, सांध्यांत थेंबभर तेल सोडा. सरदाराची ऐट मी अजून दाखवीन. पण मनातली गोष्ट मला सांगत बसू नका. मी ऐकीन, पण माझं तोंड नुसतं कोरलेलं आहे, उत्तर देता येत नाही. जिला सांगायची तिलाच सांगा, कारण समोरच्या खिडकीत दर वेळी पाववाली काकू असेलच असं नाही.