नाकभर अंतर

"थांब थांब, मागं घे जरा," धर्मराज म्हणाला आणि लेकीच्या हातातला मोबाईल त्याने स्वतःकडे ओढला.

गुलालाने त्याच्या मिशा अजून लालच होत्या. केदारखेड्याच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्याची जोडी पहिली आली होती, आणि मागे पडली कुणाची? सख्ख्या धाकट्या भावाची, रामप्रसादची! तृप्तीने शेवटचा क्षण थांबवून दाखवला. रेषेवर धर्मराजच्या हरण्या बैलाचं तोंड, आणि जरासं मागे रामप्रसादचा पाखऱ्या.

"बघा बाबा, एवढुसं. इंग्रजीत याला म्हणतात, वन बाय अ नोज. नाकभर फरकानं जिंकलं."

"बाय नोज!" धर्मराज खदाखदा हसला. "लई बराबर म्हणून राह्यले की इंग्रज."

हरण्या आणि पाखऱ्या एकाच दावणीला वाढलेले, एकाच जुवाखाली पळालेले. दोन वर्षांमागे भावाभावांची वाटणी झाली. शेत निम्मं झालं, घर निम्मं झालं, मग पंचांतलं कुणीतरी बोललं, बैलबी एकेक घ्या. तेव्हा धर्मराज थोरला असून गप्प बसला, आणि ते त्याला आजवर खात होतं. रामप्रसाद बायकोला घेऊन शेतात राहायला गेला आणि त्याने बोलणंच टाकलं. दोघांनीही जोडीला दुसरा बैल आणला.

धर्मराजला बक्षिसाचं कौतुक नव्हतं. त्याला जिंकून भावाच्या दारात जायचं होतं. बास झालं, जोडी पुन्हा एक करू, एवढंच म्हणायचं होतं. पण हरलेला माणूस गेला तर लाचारी दिसते, जिंकलेला गेला तर मोठेपणा, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. खुळा म्हणा हवं तर!

"आता सावकाश लाव," तो म्हणाला.

पाखऱ्या मागून सुसाट आला. हरण्याला त्याने गाठलं, आणि दोघांचे खांदे बरोबरीला येताच त्याचा जोर उतरला. मान जराशी हरण्याकडे वळली. तिथून पुढे तो हरण्याच्या पावलाशी पाऊल जुळवून पळत राहिला. रामप्रसादचा गाडीवान घसा फोडून ओरडत होता, पण पाखऱ्याला त्याचं काही नव्हतं.

धर्मराजचं हसू मावळलं.

"काय झालं, बाबा?"

"त्यो हरला न्हाई गं. त्यो हरण्याच्या संगं पळून राह्यला. जोडीत पळून राह्यला येडा."

पायात चपला सरकवून तो तसाच शेताकडे निघाला. रामप्रसाद गोठ्याच्या तोंडाशी बसला होता. थोरल्या दिराला बघून रामप्रसादच्या बायकोने, कौसल्याने, पदर डोक्यावर ओढला आणि ती आत गेली. गोठ्यात एकच बैल होता, नवा आणलेला.

"पाखऱ्या कुठंय?"

"दिला. पटावरच गिऱ्हाईक आल्तं, वाशिमकडचं. टेम्पोत घालून घेऊन गेले."

"अरे, त्यो हरला न्हाई! ह्यो बघ, व्हिडिओ..." पण मोबाईल तर लेकीजवळच राहिला होता.

"दिसलं मला. मी तिथंच होतो, दादा."

दोन वर्षांनी कानावर आलेला तो 'दादा' ऐकून धर्मराज एक पाऊल पुढे आला. त्याला भावाजवळ बसावंसं वाटलं.

"दिसलं, तर मंग दिला कामून?"

रामप्रसादने हातातलं दावं गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"दिसलं म्हणूनच. त्यो जन्मात हरण्याच्या म्होरं गेला नसता. आन् दर पटात दोघांची गाठ पडून पुन्हा ताटातूट, ती मला आता बघवंना."

"माझ्याकडं आणायचा होता. मी जोडी एक करू म्हणायलाच..."

"कधी? आज?" रामप्रसादचा आवाज चढला नाही. "पटाच्या आधी नुसता येऊन उभा राह्यला असतास ना, दादा, तर फुकट सोडला असता तुझ्या दावणीला. दोन वर्षं वाट बघून राह्यलो होतो."

धर्मराज रिकाम्या खुंट्याजवळ मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. कौसल्याने पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. रामप्रसाद जागचा उठला नाही. पण जा, असंही म्हणाला नाही.