आंब्याखालची टाळी

अंगावरचा संरक्षक गाऊन उतरवताना समोर कुणीतरी उभं असलंच पाहिजे, असा लौटोका शहरातल्या त्या कोविड वॉर्डाचा नियम होता. एकानं उतरवायचं, दुसऱ्यानं डोळ्यांत तेल घालून पाहायचं. पण नर्स वासितीची ड्यूटी संपली तेव्हा तिच्यासमोर उभा राहणारा वॉर्डबॉय आपेनिसा ऑक्सिजनचं सिलिंडर बदलायला आत धावला. ती थोडा वेळ थांबली. घामानं जीव नकोसा झाला होता. शेवटी तिनं एकटीनंच सुरुवात केली. मास्कची पट्टी तिच्या दाट, कुरळ्या केसांत अडकली. वैतागून तिनं हिसका दिला, आणि हातमोज्याची बोटं ओठांना घासून गेली.

कुणी पाहिलं नव्हतं.

घरी आई होती, किडन्या निकामी होत आलेली. कितीही बजावलं तरी पापा घ्यायच्या तिथल्या रीतीनं लेकीच्या गालाला नाक लावून वास घेतल्याशिवाय ती तिला उंबरा ओलांडू देत नसे. सांगावं, तर वॉर्डात आधीच माणसं कमी. न सांगावं, तर...

बाहेर आंब्याखाली ड्यूटी संपलेले सगळे लांब लांब बसले होते. एरवी काम संपलं की यांगोना या मुळांपासून केलेल्या पेयाची एकच करवंटी सगळ्यांत फिरायची. ती बंद झाली आणि माणसं आतल्या आत घुसमटू लागली. म्हणून वॉर्डाच्या मुख्य नर्सनं, लाइसानी सिस्टरनं, नवी रीत घातली होती: ज्याचा त्याचा चहा, आणि प्रत्येकानं आजची आपली भीती सांगायची. उत्तर कुणी द्यायचं नाही. यांगोना प्यायल्यावर वाजवतात तशा तळवे खोलगट करून टाळ्या तेवढ्या वाजवायच्या.

"मला सिस्टरचीच भीती वाटते," आपेनिसा म्हणाला. "विषाणू निदान ओरडत तरी नाही."

"गप रे, कांदावू बेटावरच्या खेकड्या!" सिस्टर हसत म्हणाली. "वासिती, तू बोल गं."

पाय दुखतात एवढंच सांगून वासितीला सुटता आलं असतं.

"मी एकटीनंच मास्क काढला. हातमोजा ओठांना लागला. मला घरी जायची भीती वाटतेय."

हसू विरलं. टाळ्या झाल्या. मग रीत मोडून सिस्टर म्हणाली, "इथल्या क्वार्टरमध्येच राहा. तुझ्या आईला मी फोन करते. तुला एकटं सोडलं, ही चूक वॉर्डाची."

वासितीनं श्वास सोडला, तोच आपेनिसानं मान खाली घातली.

"सिस्टर, परवा माझंही असंच झालं. मी बोललो नाही, घरी गेलो. बाळाला मांडीवर घेऊन झोपवलं. आज सकाळी त्याचं अंग गरम लागलं."

कुणाचे हात उठेनात. शेवटी वासितीनं आपले जुळवले. टाळी नीट वाजलीच नाही.